नगरपंचायत लढवायची आहे? मग कागद आजच काढायला घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या शंभरहून अधिक नगरपंचायतींची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते आहे. त्यांची मागची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली आणि निकाल १९ जानेवारी २०२२ रोजी लागला. या गावांमध्ये आता 'यंदा आपणही उभे राहावे' असे म्हणणारी मंडळी दिसू लागली आहेत. त्यात शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या महिला, नोकरी सोडून गावी परतलेले तरुण असे सगळे आहेत. अशा नवख्या उमेदवारांचे अर्ज भरून देण्याचे, छाननीत बाजू मांडण्याचे आणि निवडणूक खर्चाचे हिशेब तपासण्याचे काम आम्ही करतो. ही माणसे प्रचारात कमी पडून हरतात असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यातली बरीच जण प्रचार सुरू होण्याआधीच बाद होतात किंवा अर्धी हरलेली असतात, आणि त्याचे कारण वेळेचे गणित कोणी त्यांना आधी सांगत नाही. ते मांडण्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षीच्या नगरपरिषद-नगरपंचायत निवडणुकीच्या तारखा पाहा. नगराध्यक्षपदाच्या आरक्षणाची सोडत ६ ऑक्टोबर २०२५ रोजी मंत्रालयात निघाली, प्रभागांची ८ ऑक्टोबरला. निवडणुकीचा कार्यक्रम ४ नोव्हेंबरला जाहीर झाला. अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, मतदान २ डिसेंबरला. म्हणजे आपला प्रभाग कोणासाठी राखीव आहे हे कळल्यापासून अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत चाळीस दिवस, आणि कार्यक्रम जाहीर झाल्यापासून अवघे तेरा. चाळीस दिवसांत जातवैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीचे प्रमाणपत्र) मिळत नाही आणि तेरा दिवसांत मतदार यादी दुरुस्त होत नाही. पुढच्या वेळी तारखा वेगळ्या असतील, पण हे अंतर फारसे वाढेल असे समजू नये.

सगळ्यात आधी मतदार यादी. नगरपंचायत सतरा सदस्यांची असते आणि एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो. दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या गावात एका प्रभागाच्या वाट्याला सहाशे ते दीड हजार माणसे येतात. नऊशे मतदारांचा प्रभाग धरा. पंचाहत्तर टक्के मतदान झाले तर पावणेसातशे मते पडतील. चार उमेदवार असतील तर अडीचशेच्या आसपास मते घेणारा निवडून येतो. अशा ठिकाणी शेजारच्या प्रभागात चुकून गेलेली वीस नावे, मयतांची पंधरा आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची दहा नावे मिळून निकाल बदलू शकतो.

राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र मतदार यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला गोठवून ती प्रभागवार तोडली जाते. २०२५ मध्ये ही तारीख १ जुलै होती. त्या तारखेनंतर विधानसभेच्या यादीत आलेले नाव स्थानिक निवडणुकीत चालत नाही. प्रारूप प्रभाग यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवतात तेव्हा लोक नवी नावे घालायला गर्दी करतात आणि निराश होऊन परततात. त्या टप्प्यावर फक्त तीन गोष्टी दुरुस्त होतात: मतदार चुकीच्या प्रभागात टाकला गेला असेल, लेखनिकाची चूक असेल, किंवा विधानसभेच्या यादीत नाव असूनही प्रभागाच्या यादीत सुटले असेल. नवे नाव घालायचे तर नमुना ६, मयत किंवा स्थलांतरिताचे नाव काढायचे तर नमुना ७, पत्ता किंवा तपशील बदलायचा तर नमुना ८, आणि हे सगळे भारत निवडणूक आयोगाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, गोठवण्याच्या तारखेच्या कितीतरी आधी. नावनोंदणीसाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली का हे पाहण्याच्या तारखा, असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा वर्षे पूर्ण होणारी मुले-मुली प्रभागात किती आहेत याची वही आत्ता केली, तरच ती नावे वेळेत यादीत येतील.

यादीचे काम घरी बसून होत नाही. छापील यादी घेऊन गल्लीने चालावे आणि प्रत्येक नावापुढे घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि चार खुणांपैकी एक खूण करावी: इथे राहतो, बाहेरगावी आहे पण मतदानाला येतो, कायमचा गेला, मयत. दोन ठिकाणी नाव असलेल्या मतदारांपुढे २०२५ च्या यादीत दोन फुल्या केलेल्या होत्या. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार हे लिहून दिले पाहिजे, नाहीतर ऐन मतदानाच्या दिवशी केंद्रावर खोळंबा होतो. नऊशे मतदार म्हणजे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे घरे. संध्याकाळी पंचवीस घरे धरली तर दहा दिवसांत एक फेरी पूर्ण होते. ही फेरी मते मागण्यासाठी नसावी. या फेरीत लोक गटाराबद्दल, नळाच्या वेळेबद्दल, बंद दिव्यांबद्दल जे सांगतात तेवढ्यावर जाहीरनामा उभा राहतो.

प्रभागाच्या सीमांकडेही लक्ष हवे. लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेची धरली जाते आणि प्रभाग प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले घरांचे गट, जोडून बांधले जातात. गेल्या पंधरा वर्षांत गावाबाहेर उठलेल्या नव्या वसाहती कागदावर रिकाम्या माळरानासारख्या दिसतात आणि प्रत्यक्षात तिथे पाचशे मतदार असतात. प्रारूप रचनेचा नकाशा लागला की एक प्रत घेऊन सीमेवरून चालत जावे. सीमा रस्त्याच्या मध्यावरून आहे की नाल्याच्या काठावरून, कोणते घर कुठे पडते, हे पाहून मुदतीत लेखी हरकत द्यावी. तोंडी तक्रारीला इथे काहीही किंमत नाही.

आता कागद. सर्वात जास्त उमेदवारांना घाम फुटतो तो जातीच्या कागदांनी. राखीव जागेवर लढायचे तर जात प्रमाणपत्र आणि जातवैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतात. वैधता नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र देऊन लढता येते, पण निवडून आल्यापासून सहा महिन्यांत वैधता सादर झाली नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि त्यानंतर अनेक ठिकाणच्या नगरसेवकांना पद सोडावे लागले. समितीपुढे मुख्य प्रश्न असतो तो जुन्या नोंदीचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जुना महसुली कागद हे शोधायला महिने जातात. कारण शाळेचे जुने रजिस्टर फाटलेले असते, आडनावाच्या जागी धंद्याचे नाव असते, किंवा आजोबांचे एक नाव शाळेत आणि दुसरे सातबाऱ्यावर असते. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाकडे वैधता असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून चुलते, आत्या, चुलतभाऊ यांच्याकडे आधी विचारणा करावी आणि वंशावळीचे शपथपत्र काळजीपूर्वक करावे.

महिला उमेदवारांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते आणि ती अगदी शेवटच्या दोन दिवसांत लक्षात येते. जात जन्माने ठरते, त्यामुळे जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असते. मतदार यादीत नाव सासरचे. बँकेत तिसरेच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करणारा विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलाचे राजपत्र जोडले नाही तर छाननीत हरकत येणारच. सासरच्या जातीवर राखीव जागा लढवता येत नाही, हेही अनेक कुटुंबांना सोडतीनंतर समजते. जवळपास निम्म्या जागा महिलांच्या असताना त्यांचे कागद घरातले पुरुष शेवटच्या आठवड्यात गोळा करतात, हे आम्हाला मनापासून खटकते. जिला उभे राहायचे आहे तिने स्वतः आपली फाइल करावी, बँकेत स्वतः जावे, शपथपत्रातला प्रत्येक रकाना स्वतः वाचून सही करावी. त्या सहीची जबाबदारी कायद्याने तिच्यावरच असते.

अपात्रतेची बाकीची कारणे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १६ मध्ये आहेत. इच्छुकाने ते कलम मुळातून वाचावे, कोणाच्या तोंडून ऐकू नये. वय २१ पूर्ण हवे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर उमेदवारी टिकत नाही. त्याआधीच तीन असतील आणि संख्या वाढली नसेल तर अडचण नाही. एका अपत्यानंतर जुळी झाली तर ती एकच धरतात. मूल दत्तक देऊन मोजणीतून सुटता येत नाही. नगरपंचायतीच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर अर्ज अडतो, म्हणून ज्यांचा किंवा ज्यांच्या भागीदाराचा ट्रॅक्टर, टँकर, जेसीबी कामावर आहे त्यांनी करार कागदोपत्री संपवून बिले चुकती करून घ्यावीत. नुसते 'आता काम बंद आहे' हे उत्तर चालत नाही. अनधिकृत बांधकाम स्वतःचे असो की पती-पत्नीचे वा अवलंबिताचे, निवडून आल्यावरही त्यावरून पद जाऊ शकते.

थकबाकी हा साधा विषय सर्वाधिक लोकांना नडतो. घरपट्टी, पाणीपट्टी, भाड्याचा गाळा असेल तर त्याचे भाडे, जुन्या घराची वडिलांच्या नावावर राहिलेली पट्टी, या सगळ्यांची यादी करून ३१ मार्चपूर्वी भरणा करावा आणि पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. अर्जाच्या आठवड्यात थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी कार्यालयात रांग लागते, कर लिपिक निवडणुकीच्या कामावर गेलेला असतो, आणि दाखल्यावर मालमत्ता क्रमांक चुकला तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. शौचालयाबाबतच्या घोषणापत्राचेही तसेच, कागद छोटा पण विसरला जातो.

उमेदवारी अर्ज आणि शपथपत्र संगणकावर भरून, छापून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळावर गर्दी होते. गेल्या नोव्हेंबरात आयोगाला कागदी अर्ज घेण्याची मुभा द्यावी लागली आणि रविवारीही अर्ज स्वीकारावे लागले. तशी मुभा मिळेलच या भरवशावर राहू नये. अर्ज पहिल्या दोन दिवसांत भरावा म्हणजे चूक आढळली तर दुसरा भरता येतो. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नये. माहिती नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावे. कोरे रकाने असलेले शपथपत्र फेटाळता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. स्वतःबरोबर जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, सोने, वाहन, सोसायटीचे कर्ज, बचत गटाचे कर्ज सगळे लिहावे. गुन्हा दाखल असेल तर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालय आणि सद्यस्थिती लिहावी. आंदोलनातला जुना किरकोळ गुन्हा लोक विसरतात आणि विरोधक नेमका तोच शोधून आणतात. सूचक, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, त्याच प्रभागाच्या यादीतला असावा, त्याचा यादी भाग आणि अनुक्रमांक अंतिम यादीवरून उतरवावा, प्रारूप यादीवरून नाही, कारण मधल्या काळात अनुक्रमांक सरकतात. उमेदवार मात्र गावातल्या कोणत्याही प्रभागाचा मतदार असला तरी चालतो, म्हणून सोडतीपूर्वी दोन-तीन प्रभागांत ओळख आणि सूचक तयार ठेवणे शहाणपणाचे.

पक्षाकडून लढणाऱ्यांनी ए आणि बी फॉर्म (पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारे कागद) अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत मूळ सहीसह पोहोचेल याची खात्री करावी. मोबाईलवर आलेला फोटो आणि झेरॉक्स चालत नाही.

छाननीला उमेदवाराने स्वतः हजर राहावे, मूळ कागदांची फाइल आणि एक जाणकार माणूस बरोबर घ्यावा. हरकत आली तर लेखी उत्तर द्यावे आणि अर्ज फेटाळला तर कारणांसह आदेशाची प्रत तिथेच मागावी. त्या प्रतीशिवाय जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येत नाही आणि अपिलाची मुदत फक्त तीन दिवस असते. गेल्या वेळी अशी अपिले उशिरा निकाली निघाली तिथले मतदान २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला घ्यावे लागले आणि सगळ्या राज्याची मतमोजणी २१ डिसेंबरवर गेली. एका प्रभागातल्या अपुऱ्या कागदाने इतके हलू शकते.

खर्चाबद्दल सांगितले जाते त्यापेक्षा वस्तुस्थिती वेगळी आहे. आयोगाने २०२५ मध्ये नगरपंचायत सदस्यासाठी २ लाख २५ हजार आणि नगराध्यक्षासाठी ६ लाख रुपयांची मर्यादा ठेवली होती. नऊशे मतदारांच्या प्रभागात ही मर्यादा दर मतदारामागे अडीचशे रुपये होते. प्रामाणिक प्रचाराला एवढे पैसे लागतच नाहीत. पत्रके, दोन-तीन बॅनर, रिक्षावरचा ध्वनिक्षेपक आणि कार्यकर्त्यांचा चहा यापलीकडे जे जाते ते बहुतेक वेळा सांगता येण्यासारखे नसते. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते अर्जापूर्वी उघडावे आणि प्रत्येक खर्च त्यातूनच करावा. मंडप, खुर्च्या, जेवण, वाहन यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवते. तुम्ही फुकट मिळाले म्हटले तरी हिशेबात त्या दराने रक्कम धरली जाते. मित्राने हौसेने लावलेला बॅनरही तुमच्याच खात्यावर येतो, म्हणून मित्रांना आधीच सांगून ठेवावे. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या नसेल तर छापखान्यातून उचलूच नये. रोजचा हिशेब त्याच रात्री लिहावा. अंतिम हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्यानेसुद्धा. हरलेले उमेदवार निराशेत हे सोडून देतात आणि पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरवले गेल्याचे त्यांना अर्ज भरताना कळते.

अपक्षाला चिन्ह फार उशिरा मिळते. गेल्या वेळी ते २६ नोव्हेंबरला मिळाले आणि प्रचार १ डिसेंबरच्या रात्री दहाला संपला, म्हणजे हातात सहा दिवस. अडीचशे घरे सहा दिवसांत करायची तर दिवसाला चाळीस. म्हणून आधीच्या फेऱ्यांत नाव आणि काम पोहोचलेले असावे आणि या सहा दिवसांत फक्त चिन्ह पोहोचवावे. चिन्हासाठी पसंती देताना लहान आकारातही चटकन ओळखू येईल असे, आणि दुसऱ्या कोणत्या चिन्हासारखे न दिसणारे चिन्ह निवडावे. मतदाराला हेही समजावून सांगावे लागते की नगरपंचायतीत दोन मते द्यायची आहेत, एक नगराध्यक्षाला आणि एक सदस्याला, आणि दोन्ही दिल्याशिवाय यंत्राचा आवाज येत नाही. वयस्कर मतदार एक बटण दाबून निघून जातात आणि दुसरे मत वाया जाते. उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने अभिरूप मतदानाला (मतदान सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या चाचणीला) हजर राहावे आणि शेवटी यंत्रातल्या एकूण मतांचा आकडा लिहून घ्यावा. मोजणीला तोच आकडा जुळवायचा असतो. स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेले याची चिठ्ठी दाखवणारे यंत्र) नसते, त्यामुळे हा कागद फार मोलाचा. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्यापूर्वी, तिथल्या तिथे, लेखी मागावी.

जाहीरनाम्याबद्दल एकच आग्रह. नगरपंचायतीचा मागच्या तीन वर्षांचा अर्थसंकल्प माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतो, उत्तराला तीस दिवस लागतात. तो वाचून मगच आश्वासने द्यावीत. पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा, अंतर्गत रस्ते हे नगरपंचायतीचे काम. रेशनकार्ड, महावितरणची वीज, राज्य महामार्ग, पोलीस हे तिच्या हातात नाही. सदस्य ठराव करतो, अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो, आणि बेकायदा ठरावाला जिल्हाधिकारी १९६५ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली स्थगिती देऊ शकतात. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर १९८६ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली पद जाते, हेही मतदाराला आणि उमेदवाराला आधीच माहीत असलेले बरे.

आमच्या प्रशासनाकडे तीन मागण्या आहेत. आरक्षण सोडत आणि अर्जाचा शेवटचा दिवस यांत किमान चार महिन्यांचे अंतर असावे. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी प्रत्येक नगरपंचायतीने इच्छुकांच्या कागदांची पूर्वतपासणी करणारा कक्ष उघडावा आणि थकबाकीचा दाखला सात दिवसांत द्यावा. जातपडताळणी समित्यांनी निवडणुकीसाठी येणारे अर्ज कार्यक्रम जाहीर होण्याची वाट न पाहता स्वीकारून निकाली काढावेत. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, प्रारूप प्रभाग रचना आणि प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होण्याच्या तारखा, हरकतींची मुदत आणि हरकत कुठे द्यायची तो पत्ता आपल्या तालुका पानावर चौकटीत, सलग तीन दिवस छापावा. कार्यालयाच्या फलकावर लावलेला कागद गावातल्या फार थोड्यांच्या नजरेस पडतो.

आपले,
नगरपंचायत निवडणुकांत उमेदवारांना कायदेशीर व हिशेबविषयक मदत करणारे काही वकील आणि निवृत्त नगरपालिका कर्मचारी